डोंगरमाथ्यावरची बिनतारी

सोलापूर शहराला डोंगर नाही. चारही बाजूंना माळ आहे, ज्वारीची शेते आहेत आणि नजर अडेल असे क्षितिजापर्यंत काही नाही. उत्तरेला तुळजापूरच्या वाटेने गेले की बालाघाटची कड लागते. पण घाट चढून वर आले की डोंगर संपतो आणि पुन्हा माळच सुरू होतो. खालून पाहणाऱ्याला तो डोंगर, वरून पाहणाऱ्याला सपाटी. अशा गावात राहणाऱ्या माणसाने डोंगरमाथ्यावरून चालवल्या जाणाऱ्या हौशी रेडिओबद्दल लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण ज्याला उंची फुकट मिळालेली नाही, त्यालाच तिची किंमत मोजून पाहावीशी वाटते. शिक्षणाने मी वायरमन आहे. इतिहास मी जुनी गॅझेटिअर, मोजणीखात्याचे वृत्तांत आणि रद्दीतली रेडिओ-मासिके वाचत शिकलो. या दोन्हींच्या सांध्यावर हा विषय मला सापडला.

हौशी रेडिओ, ज्याला जगभर ‘हॅम रेडिओ’ म्हणतात, त्याचा अर्थ आधी सांगायला हवा. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना आणि स्वतःचे सांकेतिक नाव मिळवायचे आणि आपल्या संचावरून जगातल्या दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचे. त्यातून पैसा मिळवता येत नाही, गाणी वाजवता येत नाहीत, प्रचार करता येत नाही. भारतातल्या परवानाधारकांची नावे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. यांतली काही माणसे संच, बॅटरी आणि तारेचे भेंडोळे पाठीवर घेऊन डोंगर चढतात, माथ्यावर तार ताणतात, चार-सहा अनोळखी माणसांशी दोन-दोन मिनिटे बोलतात आणि उतरून घरी येतात.

घरात बसून जगाशी बोलता येत असताना हा उपद्व्याप कशासाठी? याचे उत्तर शोधताना मला दुसराच प्रश्न भेटला. आपल्या मुलखात संदेशासाठी डोंगर वापरण्याची रीत जुनी आहे. पण त्या डोंगरावर उभे राहण्याचा अधिकार आजवर कोणाकडे होता?

उंचीचे गणित

दोन मीटर लांबीच्या रेडिओलहरी, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या, हातात मावणाऱ्या संचांवर वापरतात. त्या जवळपास प्रकाशासारख्या सरळ जातात. पृथ्वीचा गोलावा आडवा आला की थांबतात. हवेमुळे त्या किंचित वाकतात, म्हणून डोळ्याच्या क्षितिजापेक्षा रेडिओचे क्षितिज थोडे लांब असते. त्याचा हिशोब सोपा आहे. भोवतालच्या जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१२ ने गुणावे. येणारा आकडा किलोमीटरचा.

माळावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला संच जमिनीपासून दीड मीटरवर असतो. त्याचे क्षितिज पाच किलोमीटर. बालाघाटची कड सोलापूरच्या माळापेक्षा सुमारे २०० मीटर उंच धरली, तर तिथल्या माणसाचे क्षितिज ५८ किलोमीटरवर जाते. सिंहगडासारखा गड पायथ्याच्या मुलखापेक्षा सुमारे ७०० मीटर वर उठतो; तिथून ते १०९ किलोमीटरवर पोचते. संच तोच, बॅटरी तीच, शक्ती पाच वॅट. घरात ज्याला आपण झिरोचा बल्ब म्हणत होतो, तो जुना दिवासुद्धा बारा-पंधरा वॅट वीज खात असे. त्याच्या निम्म्याहून कमी शक्तीत माणसाचा आवाज एक जिल्हा ओलांडतो, आणि त्यासाठी जो खर्च येतो तो पायांचा.

सगळ्या लहरींना मात्र उंची लागत नाही. वीस ते चाळीस मीटरच्या लघुलहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून परत जमिनीवर येतात आणि हजारो किलोमीटर जातात. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यात लघुलहरींची ‘बीम’ तारसेवा सुरू झाली, तेव्हा तिचे प्रक्षेपणकेंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहणकेंद्र दौंडला होते. पलीकडच्या टोकाला इंग्लंडमधली ग्रिम्सबी आणि स्केग्नेस ही ठिकाणे होती. आम्हा सोलापूरकरांना दौंड म्हणजे पुण्याच्या गाडीतले एक मोठे जंक्शन. त्याच सपाट मुलखात एके काळी विलायतेचे संदेश उतरत होते.

या लघुलहरींचा हौशी माणसांशी जवळचा संबंध आहे. अमेरिकेच्या १९१२च्या कायद्याने हौशींना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरी देऊन टाकल्या, कारण लांबच्या संदेशवहनाला त्या निरुपयोगी आहेत असे तेव्हाच्या जाणकारांचे मत होते. गावातली पडीक जमीन द्यावी तसा हा प्रकार. हौशींनी ती कसली. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधला लेआँ देलॉय आणि अमेरिकेतला फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटरच्या लहरीवर अटलांटिकच्या दोन्ही काठांवरून एकमेकांशी संभाषण केले. नंतर त्याच पडीक जमिनीवर मोठमोठ्या कंपन्यांनी आणि सरकारांनी आपले मळे उभे केले.

माथ्यावर कोण होते

आता आपल्या डोंगरांकडे येऊ. शिवकाळात तोफेचा आवाज हा संदेश होता. प्रतापगडावरून झालेली इशारतीची तोफ आणि १६६० मध्ये विशाळगडावरून झालेले तोफांचे आवाज परंपरेने आपल्यापर्यंत आणून पोचवले आहेत. तपशिलांबद्दल इतिहासकारांत वाद असतील. पण गड एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असणे ही राज्याची गरज होती, याबद्दल कोणी वाद घालत नाही. तिथे दिवा लावण्याचा किंवा तोफ डागण्याचा अधिकार किल्लेदाराचा.

त्यानंतर मोजणीवाले आले. १८०२ साली मद्रासजवळून विल्यम लॅम्ब्टनने त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले आणि १८१५ मध्ये बिदरजवळ दामरगिद्दा येथे एक आधाररेषा मोजली. तिच्यापासून पश्चिमेला मुंबईपर्यंत त्रिकोणांची साखळी पुढे दख्खनच्या पठारावरून नेण्यात आली. लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने दिवसा आरशाची तिरीप आणि रात्री दिवे वापरून लांबच्या माथ्यांवरून निरीक्षणे घेण्याची पद्धत रुळवली. एका टेकडीवर दिवा धरून बसलेला खलाशी आणि दुसरीवर दुर्बिणीला डोळा लावलेला अधिकारी, यांच्यामध्ये पसरलेला मुलूख कागदावर बांधला जात होता. दिवा धरणाऱ्याचे नाव वृत्तांतात क्वचितच येते.

१८६९ साली कराचीला इराणी आखाताच्या तारखात्यात काम करणाऱ्या हेन्री मॅन्सने हेलिओग्राफ तयार केला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. तिपाईवरचा आरसा, त्याला लावलेली कळ आणि ऊन, एवढ्यावर मोर्सची भाषा डोंगरावरून डोंगरावर जाऊ लागली. दुसऱ्या अफगाण युद्धात इंग्रजी फौजेने तो भरपूर वापरला. आजचा डोंगर चढणारा हॅम पाठीवर जे नेतो, त्याचा हा थेट पूर्वज म्हणता येईल. फरक एवढाच की आरशाच्या कळीवर शिपायाचे बोट होते आणि शब्द वरिष्ठांचे होते.

स्वातंत्र्यानंतरही उंचीचा मालक बदलला तो एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे. सिंहगडावर आणि साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचे मनोरे उभे राहिले. गडाकडे तोंड करून घरावर अँटेना बांधणाऱ्या पिढीने गडाचा जुना उपयोग नकळत पुन्हा अनुभवला. गड बोलत होता आणि मुलूख ऐकत होता. उलट बोलण्याची सोय मात्र त्यात नव्हती.

इथे एक अपवाद नोंदवायला हवा. ज्यांना फक्त ऐकायचे असते ते माथा टाळतात. नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ-दुर्बीण, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची, शहरी रेडिओ-गोंगाटापासून दूर असलेल्या डोंगरआडच्या मुलखात मुद्दाम वसवलेली आहे. तिथे आडवा येणारा डोंगर अडथळा ठरत नाही, तो भिंतीचे काम करतो. उंची आणि खोली यांची ही वाटणी सह्याद्रीने दोघांनाही करून दिली.

परवाना आणि बंडखोरी

भारतातला पहिला हौशी परवानाधारक म्हणून १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू यांचे नाव येते. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या पन्नाससुद्धा नव्हती आणि त्यांतले बहुतेक इंग्रज लष्करी अधिकारी होते. १९३३च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय संच बाळगणेही गुन्हा ठरवले. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशींना आपले प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करण्याचे हुकूम गेले. परकी सत्तेला बंदुकीइतकेच भय बोलत्या यंत्राचे वाटत होते, आणि ते अनाठायी नव्हते.

१९४२च्या चळवळीत मुंबईत जे ‘काँग्रेस रेडिओ’ केंद्र चालले, त्याचे यंत्र जुळवण्यात नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याचा हात होता. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ४२.३४ मीटरवर बोलत. हा आकडा मी मेगाहर्ट्झमध्ये करून पाहिला, तो सात मेगाहर्ट्झच्या किंचित वर येतो. म्हणजे ज्याला हॅम मंडळी आजही ‘चाळीस मीटरचा पट्टा’ म्हणतात, नेमका तोच. लघुलहर असल्यामुळे या केंद्राला डोंगराची गरज नव्हती. मुंबईतल्या एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत ते हलत राहिले आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडले गेले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

डोंगराचा आडोसा घेणारे खरे केंद्र पुढे गोव्याच्या मुक्तीसाठी निघाले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’ हे गुप्त केंद्र आंबोलीच्या जंगलातून सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे ते चालवत. प्रक्षेपण कोकणी आणि पोर्तुगीज या भाषांत होई. पुढे केंद्र कॅसलरॉकला आणि मग बेळगावला हलले. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर, ऐन घाटमाथ्यावर आहे. तिथल्या पावसात आणि धुक्यात यंत्र कोरडे ठेवणे हेच एक काम असणार, हे विजेची कामे केलेला माणूस सहज समजू शकतो. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षे, हा आवाज बंद पडला नाही. मुक्तीची बातमी या दोघांनी विमानातून गोव्याच्या आकाशात फिरून सांगितली. लिबिया लोबो-सरदेसाईंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठलेली होती.

हे केंद्र हौशी नव्हते आणि परवानाधारक तर नव्हतेच. तरीही या लेखात त्याला जागा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर यंत्र घेऊन बसलेली ही माणसे कोणा किल्लेदाराच्या हुकमावरून तिथे गेलेली नव्हती. उंची आणि आवाज या दोन गोष्टी नागरिकाच्या हातात एकत्र आल्याचे आपल्या मुलखातले इतके ठळक उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

खेळाचे नियम

रेडिओ घेऊन मोकळ्या रानात जाण्याची हौस जुनीच आहे. अमेरिकेतले हौशी १९३३ पासून दर जूनमध्ये ‘फील्ड डे’ करतात. घराबाहेर, तात्पुरत्या विजेवर, चोवीस तास केंद्र चालवतात. त्या हौसेला शिखरांचा पद्धतशीर खेळ म्हणून आकार आला तो २ मार्च २००२ रोजी, इंग्लंड आणि वेल्समध्ये. जॉन लिनफर्ड यांची ही कल्पना. रिचर्ड न्यूस्टेड यांच्या साथीने त्यांनी ती उभी केली. नाव ‘समिट्स ऑन द एअर’.

याचे नियम वाचताना मला ते एखाद्या व्रताच्या नियमांसारखे वाटले. शिखर उंच असून भागत नाही. भोवतालच्या जमिनीपासून त्याचा स्वतंत्र उठाव साधारणपणे किमान १५० मीटर हवा. शेवटचा चढ गाडीने करून चालत नाही. सगळे सामान स्वतः वाहून न्यायचे. गाडीतली वीज चालत नाही, इंधनावरचे जनित्र चालत नाही. केंद्र माथ्यापासून उभ्या अंतराने २५ मीटरच्या आतच मांडायचे. गुण मिळायला किमान चार वेगवेगळ्या केंद्रांशी संपर्क व्हायला हवा आणि मध्ये जमिनीवरचे पुनःप्रक्षेपक वापरायचे नाहीत. शिखराच्या उंचीप्रमाणे एक ते दहा गुण. हजार गुण झाले की चढणाऱ्याला ‘माउंटन गोट’, म्हणजे डोंगरी बोकड, ही पदवी. खाली घरात बसून शिखरावरचे आवाज टिपणाऱ्यालाही गुण मिळतात, आणि हजार झाले की त्याची पदवी ‘शॅक स्लॉथ’, म्हणजे खोलीतला आळशी प्राणी. इंग्रज माणसाचा विनोद कोरडा असतो तो असा.

या खेळात कोणी कोणाला हरवत नाही. वर गेलेल्याला खाली ऐकणारा हवा असतो आणि खालच्याला वर गेलेला. आठ-दहा मीटरची दुमडणारी काठी, चौदा मेगाहर्ट्झसाठी दहा मीटर किंवा सात मेगाहर्ट्झसाठी वीस मीटर तार, लिथियमची छोटी बॅटरी, वही आणि पेन्सिल एवढ्यावर तो उभा राहतो. वहीत वेळ, समोरच्याचे नाव आणि आवाजाची प्रत लिहायची. मोजणीखात्याच्या वहीशी या वहीचे साम्य आहे, पण इथे जमीन मापली जात नाही. आज हवा कशी होती आणि कोण भेटले, एवढेच लिहिले जाते.

आपल्याकडे कळसूबाई १,६४६ मीटर, साल्हेर १,५६७, हरिश्चंद्रगड १,४२४, तोरणा १,४०३, अशी शिखरांची रांगच उभी आहे. आठवड्याच्या सुट्टीला त्यांवर हजारो पाय चढतात. त्या गर्दीत एखाद्याच्या पाठीवर तारेचे भेंडोळे असले, तर लोक त्याला मासे धरायला निघालेला समजतात. जिथे अभयारण्य किंवा संरक्षित वास्तू आहे तिथे झाडाला, तटाला, बुरुजाला काही न बांधता स्वतःच्या काठीवर काम भागवणे हे त्याचे कर्तव्य. गडाचा दगड हलवून मिळालेल्या गुणांना मी तरी गुण म्हणणार नाही.

हौस कशाला उपयोगी पडते

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सोलापुरात आम्ही सगळे घराबाहेर आलो. भांडी मांडणीवरून पडलेली, रस्त्यावर माणसेच माणसे. नेमके कुठे काय झाले हे कोणालाच ठाऊक नव्हते. किल्लारी आमच्यापासून सरळ रेषेत ऐंशी-एक किलोमीटर. तिथे आणि सास्तूरला दगडामातीच्या घरांखाली हजारो माणसे गेली होती आणि ती बातमी उजाडल्यानंतर हळूहळू येत राहिली. मदतकार्यात पुढे हौशी रेडिओचालकांनीही संदेश वाहिले. २००१च्या भुज भूकंपातही त्यांनी ते केले.

सर्वांत बोलके उदाहरण अंदमानचे आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला गेले ते निव्वळ हौसेसाठी. अंदमानातून हौशी प्रक्षेपण कित्येक वर्षांनी होत होते, आणि जगभरचे हॅम त्या बेटांशी एक संपर्क साधायला धडपडत होते. २६ डिसेंबरच्या सकाळी त्सुनामी आली. गुण मोजण्यासाठी मांडलेले तेच यंत्र त्या घटकेपासून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवू लागले. आणीबाणीसाठी कोणी तिथे गेले नव्हते; हौसेमुळे माणूस, यंत्र आणि सराव आधीच जागेवर होते.

डोंगर चढणाऱ्या हॅमबद्दल मला जे म्हणायचे आहे ते हेच. मोबाइलचे मनोरे वीज आणि तारा यांवर उभे असतात; बॅटऱ्या काही तासांनी संपतात. सरकारकडे यंत्रे असतात, पण कपाटातले यंत्र आणि पावसात, वाऱ्यात, अंधारात तार ताणण्याची सवय असलेला हात यांत अंतर आहे. ती सवय आदेशाने लागत नाही. कोणी तरी रविवारी, काही कारण नसताना, चार माणसांशी बोलण्यासाठी डोंगर चढलेला असावा लागतो. किल्लेदाराने, मोजणीदाराने आणि फौजेने उंची वापरली ती मुलूख ताब्यात ठेवण्यासाठी. हा चौथा माणूस ती वापरतो ते आपला आवाज पोचतो का आणि पलीकडून उत्तर येते का, हे पाहण्यासाठी. संकटात नेमकी हीच दोन कामे लागतात.

परीक्षा अवघड नाही. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. वरच्या श्रेणीसाठी मोर्सची भाषा यावी लागते, खालच्या श्रेणीला तीही नको. आमच्या जिल्ह्यात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, आयटीआय आहेत, डोंगर चढणारी तरुण मंडळे आहेत. या तिघांची एकमेकांशी ओळख नाही, एवढीच अडचण.

आमची कड शिखरांच्या यादीत बसणार नाही. तिचा उठाव एकाच बाजूने आहे, म्हणून तिथे जाऊन कोणाला एकही गुण मिळायचा नाही. पण सोलापूरच्या माळावरच्या माणसाचा हातातला संच पाच-दहा किलोमीटरवर थकतो आणि बालाघाटच्या कडेवरचा माणूस त्याला ऐकू शकतो. तिथून पुढे पठारावरच्या गावांचा निरोप इकडे आणि इकडचा तिकडे द्यायला मधला माणूस लागतो. १९९३च्या त्या पहाटे तो तिथे नव्हता. पुढच्या वेळी असावा असे वाटत असेल, तर त्याने त्याआधीचे काही रविवार त्या कडेवर घालवलेले असले पाहिजेत.